कानाने लावलेले चोवीस

४ तारीख, सोमवार

ही वही टिकलीने दिली. म्हणाली, "आजी, रोज किती डबे भरलेस ते यात लिहीत जा." पुढून ते लिहिते आहे, आणि मागून हे माझं. मागची पानं कोण बघतंय! माझं शिक्षण चौथीपर्यंत, त्यातही चौथीत गोवर आला, त्यामुळे जोडाक्षरांशी माझं कधीच फारसं पटलं नाही. चुकलं तर चुकलं.

बहात्तराव्या वर्षी मी कामाला लागले. आज बरोबर आठवडा झाला. सूनबाई फोनवर तिच्या बहिणीला सांगत होती, "आमच्या सासूबाई इंजिनियर झाल्यात." खोचकपणे म्हणाली, पण मला गोडच लागलं.

माझी नात टिकली बाजे बनवते. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून टिकली, आता माझ्या डोक्यावरून बघते. पण तिचा बाजा म्हणजे ह्यांच्या पेटीसारखा नाही. हे गेले त्याला नऊ वर्षं झाली. जन्मभर पेट्या दुरुस्त केल्या. टिकलीचा बाजा तुकड्यातुकड्याने विकला जातो. एक तुकडा सूर काढतो, दुसरा तो गाळतो, तिसरा लहानमोठा करतो. घेणारा हवे ते तुकडे घेतो, एका चौकटीत बसवतो आणि वायरींनी एकमेकांना जोडतो. त्याला सिंथेसायझर म्हणायचं. हा शब्द मी तीनदा खोडला. टिकली सूर काढणारा तुकडा बनवते. ती त्याला मॉड्यूल म्हणते, मी डबा म्हणते. भांडण नाही.

पगाराची नोकरी सोडून हे चाललंय. तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, अजून जेवताना टोमणे मारतो. "आज किती भोंगे झाले?" टिकली म्हणते, "बाबा, भोंगा तुम्ही. मी भोंग्याला आवाज देते." मी पाणी पिताना हसले आणि ठसका लागला.

६ तारीख, बुधवार

मागच्या खोलीत आधी सायकली आणि रद्दी होती. आता लांबच लांब टेबल, त्यावर जळक्या राळेचा वास, आणि भिंतीला शंभर खणांचं प्लास्टिकचं कपाट. खणात दाण्यांसारखे भाग. माझं काम सोपं आहे. बटणं दांड्यांवर बसवायची, दिवा लागतो का बघायचं, फडक्याने बोटांचे डाग पुसायचे, खोक्यात भरायचं. बटण बसलं की टक् होतं. त्या टक्साठी मी फुकट काम करीन. फुकटच करते म्हणा.

टिकलीचा भागीदार लांब्या. कॉलेजपासूनचा दोस्त. दारातून वाकून येतो आणि तरी डोकं आपटतो. टिकलीने बनवायचं आणि लांब्याने तपासायचं, अशी वाटणी. प्रत्येक डब्याच्या पाठीवर मोहरीएवढा पितळी स्क्रू असतो. डबा वीस मिनिटं तापू द्यायचा, मग लांब्या मीटरवरचा आकडा बघत तो स्क्रू केसभर इकडे, केसभर तिकडे करतो. जमलं की नेलपॉलिशचा तिळाएवढा ठिपका देतो, म्हणजे स्क्रू हलायचा नाही.

मी म्हटलं, "अरे, कान आहेत ना दोन? आकड्याला काय विचारतोस?"

"आजी, माझे कान फक्त चष्मा अडकवायला आहेत."

मला हा मुलगा आवडतो. पण कान नसलेल्या माणसाच्या हाती सूर द्यायचा म्हणजे जरा काळजीच.

८ तारीख, शुक्रवार

आज फार मजेचा दिवस. 

दोघं पत्र्याच्या पट्ट्या कापणाऱ्या कारखान्यात गेले, आज आणि उद्या. जाताना टिकली सांगून गेली, "आजी, चोवीस डबे तपासून तयार आहेत. नुसते दिवे बघ आणि भर. बारा बाज्यांच्या दुकानवाल्या बाईंचे, बारा सुट्या गिऱ्हाइकांचे."

दिवे बघितले. मग वाटलं, वाजवून बघावं. टिकलीच्या चौकटीत तिचा स्वतःचा जुना डबा कायम लावलेला असतो, त्याला सा वर ठेवला. शेजारी नवा डबा लावला, पेटीसारख्या छोट्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवर प दाबला. आणि ऐकलं. लाट होती. अगदी हळू, वांव... वांव... दूरवर कोणी पाळणा हलवतंय तशी. पंचम केसभर उतरलेला.

ह्यांच्या दुकानात हेच माझं काम होतं. हे पेटीतली पितळेची जीभ घासायचे आणि म्हणायचे, "ऐक गं." मी भाजी निवडता निवडता सांगायची, "अजून लाट आहे." लाट थांबली की मी नुसती मान हलवायची. गावातले मोठे गवई ह्यांचं नाव घ्यायचे. मान माझी होती, हे त्यांना कुठे ठाऊक?

दुसरा डबा लावला. तोही उतरलेला. तिसराही. म्हटलं, बिचारा लांब्या! सगळे एकसारखे चुकवलेत.

लांब्याचा छोटा पेचकस घेतला. ठिपका नखाने काढला, स्क्रू इवलासा फिरवला. लाट मंद झाली, आणखी मंद झाली, आणि थांबली. असा शांत पंचम! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ठिपका परत दिला. माझा जरा वाटाण्याएवढा झाला, डोळे आता ते राहिले नाहीत.

नऊ झाले. बाकीचे उद्या.

९ तारीख, शनिवार

चोवीसच्या चोवीस. मान आखडली आहे. टिकलीला सांगितलं नाही. लांब्याची फजिती कशाला करायची? डब्यांचं नाव झालं की कधीतरी हसत हसत सांगेन.

११ तारीख, सोमवार

खोकी गेली. टिकलीने मला उचलून गोल फिरवलं, सूनबाई ओरडली, "अगं, हाडं मोडतील त्यांची!" आयुष्यात मला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

२७ तारीख, बुधवार

बरेच दिवस काही घडलं नाही म्हणून लिहिलं नाही. आज घडलं.

दुकानवाल्या बाईंचा फोन आला. टिकलीने तो टेबलावर ठेवला आणि आवाज मोठा केला, म्हणून मलाही ऐकू आलं. बाई ओरडत नव्हत्या, हेच वाईट. म्हणाल्या, "तुमचे डबे वरच्या सप्तकात बेसूर आहेत. खाली ठीक, मधे ठीक, पाच सप्तकं वर गेलं की इतर कंपन्यांच्या डब्यांशी जुळतच नाहीत. तीन गिऱ्हाइकांनी परत आणले. मी बाकीचेही फळीवरून काढते आहे."

टिकलीचा चेहरा पांढराफटक. "सगळे? सगळेच कसे?"

मी मनात म्हटलं, बरं झालं मी पंचम नीट लावले, नाहीतर अजून किती बेसूर झाले असते! खरंच असंच म्हटलं. लिहायला लाज वाटते, पण म्हटलं.

३० तारीख, शनिवार

परत पाठवलेला पहिला डबा आला. टिकली अंघोळीला गेली होती, लांब्याने खोकं उघडलं. डबा उलटा करून बराच वेळ पाठीकडे बघत बसला. मग माझ्याकडे बघितलं. मी बटणं लावत होते. मग कापसाला स्पिरिट लावून त्याने तो नेलपॉलिशचा ठिपका स्वच्छ पुसून टाकला. टापटीप मुलगा आहे, आधी साफ करतो आणि मग काम.

टिकली केस पुसत आली. "काय निघालं?"

"स्क्रू सरकलाय. माझंच काहीतरी राहिलं असेल."

"राहिलं असेल म्हणजे? चोवीस डब्यांत?"

"थंड असतानाच लावले असतील मी. घाई झाली."

टिकलीने ओला टॉवेल खुर्चीवर फेकला. 

२ तारीख, सोमवार

मी हे लिहिणार नव्हते. पण न लिहिता झोप येणार नाही.

आणखी पाच डबे परत आले. लांब्या ते उघडणार तर टिकलीने आधी घेतले. पाठी बघितल्या आणि डबा टेबलावर आपटला. "ठिपके बघ कसे फासलेत! आठ महिन्यांची माझी मेहनत, आणि तुला साधा ठिपका नीट देता येत नाही?"

लांब्या म्हणाला, "चूक झाली. सगळे परत मागव, मी पुन्हा लावून देतो."

मला राहवलं नाही. विचारलं, "अरे, पण स्क्रू जरासा सरकला तर वरचाच सूर कसा बिघडतो? खालचा का नाही?"

तेव्हा लांब्या माझ्यासमोर खुर्ची ओढून बसला. हळू आवाजात समजावलं, जसं घरचे लोक मला कधी कधी मोबाईल समजावतात. "आजी, पेटीत प्रत्येक सुराला वेगळी जीभ. एक घासली तर शेजारची हलत नाही. इथे सगळ्या सुरांना मिळून एकच स्क्रू आहे. जिना समजा. सगळ्या पायऱ्यांची उंची त्या एका स्क्रूवर. कोणी एक पायरी कानाला गोड लागावी म्हणून केसभर उंच केली, तर सगळ्याच केसभर उंच होतात. पहिल्या मजल्यावर कळत नाही. पाचव्या मजल्यावर दार वीतभर खाली राहतं."

"मग पंचमात ती लाट..."

"ती लाट मुद्दाम ठेवलेली असते. बारा सूर एका घरात नांदायचे तर प्रत्येकाला जरासं सोसावं लागतं. जगभरचे डबे असेच लावलेले असतात, म्हणून एकमेकांशी जुळतात."

माझ्या हातातलं बटण खाली पडलं आणि टेबलाखाली गेलं.

टिकली म्हणाली, "तिला काय शिकवत बसलायस? स्वतः शिकला असतास तर!" मग बोलण्याने बोलणं वाढलं. टिकली नको ते बोलली. तिच्यासाठी त्याने चांगल्या नोकऱ्या नाकारल्या होत्या, तेही तिने "उपकार केलेस का माझ्यावर?" म्हणत त्याच्या तोंडावर फेकलं. शेवटी म्हणाली, "मला विश्वासाचा माणूस हवा. तू जा."

तो गेला. जाताना मला वाकून नमस्कार केला. म्हणाला, "आजी, डोळ्यांना जपा. बारीक काम फार करू नका."

केवढं मन! स्वतःवर आभाळ कोसळलंय आणि माझ्या डोळ्यांची काळजी.

 तोंड उघडायला एक क्षण पुरला असता. मी खाली वाकून बटण शोधत राहिले. बटण पायाशीच होतं.

३ तारीख, मंगळवार

आज काही लिहायला तोंड नाही.

५ तारीख, गुरुवार

तीनदा सांगायला गेले. एकदा ती फोनवर होती. एकदा सूनबाई आली. तिसऱ्यांदा कोणी नव्हतं. टिकली म्हणाली, "काय गं आजी?" आणि मी विचारलं, "चहा टाकू?"

खरं कारण लिहिते, निदान इथे. मला ते टेबल सोडायचं नाही. हे गेल्यापासून मी टीव्हीसमोरच्या खुर्चीत होते. घरात सगळे चांगले आहेत, वेळेवर गोळ्या देतात, पण मला कोणी "ऐक गं" म्हणत नव्हतं. टिकलीने टेबलाशी स्टूल दिलं, त्यावर उशी बांधली. वाटलं, खरं सांगितलं तर ती उशी जाईल. एका उशीसाठी मी परक्याच्या पोराचं नाव जाऊ दिलं.

आणि परका तरी कसा? माझ्यासाठी बिनसाखरेची बिस्किटं शोधून आणायचा. परवा टिकली त्याचा चहाचा कप धूत होती. धुऊन झालेला कप पुन्हा धूत होती.

ऐकलं की त्याला दुसऱ्या शहरात काम मिळालंय. रविवारी जाणार.

६ तारीख, शुक्रवार

सकाळी टिकलीने एक पत्र छापलं. सुटे डबे घेणाऱ्या बारा जणांना एकेक रिकामं खोकं पाठवायचं, डबा परत टाकायला, आणि आत हे पत्र. "आजी, घडी घालून एकेक ठेव." ती समोर बसून पत्ते लिहीत होती.

मी चष्मा लावला. अक्षर अक्षर जुळवत वाचलं. "आमच्या तपासनिसाच्या हलगर्जीपणामुळे हा दोष राहिला. ती व्यक्ती आता आमच्यासोबत काम करत नाही." हलगर्जीपणा हा शब्द वाचायला मला वेळ लागला. 

पहिली घडी घातली, ठेवली. दुसरी. तिसरी. चौथी. माझ्याच हाताने मी त्याला बारा घरी बदनाम करायला निघाले होते. पाचव्या कागदाला हात लावला आणि हात उचलेना.

"टिकले, हे चुकीचं लिहिलंयस."

"कुठे? शुद्धलेखन?"

"सगळंच. स्क्रू मी फिरवले. चोवीसच्या चोवीस. तुम्ही पत्रे आणायला गेलात तेव्हा."

ती हसली आधी. तिला वाटलं मी त्याला वाचवायला बोलते आहे. मग मी सांगितलं, सा कुठे ठेवला, प कसा ऐकला, लाट कशी थांबवली, ठिपका वाटाण्याएवढा का झाला. तिचं हसू हळूहळू गेलं.

"तुला कधी कळलं की तुझ्यामुळे झालं?"

"सोमवारी. त्याने जिन्याचं सांगितलं तेव्हा."

"म्हणजे मी त्याला हाकललं तेव्हा तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि तू तिथे बसली होतीस."

"हो."

वाटलं होतं ती ओरडेल. ती उठली, चारही खोक्यांतली पत्रं काढली आणि फाडली. मग म्हणाली, "स्क्रू फिरवलेस त्याचं मला काही वाटत नाही आजी. तुला माहीत नव्हतं. पण हे चार दिवस!" आणि खोलीतून निघून गेली.

तिने जे म्हटलं त्यात मला एक शब्दही खोडता येत नाही.

७ तारीख, शनिवार

मुलाला म्हटलं, मला लांब्याकडे सोड. त्याने का म्हणून विचारलं नाही. घरात सगळ्यांना कळलंय. वाटेत फक्त म्हणाला, "आई, तू पण भोंगा निघालीस, आवाज न येणारा." एरवी मी हसले असते.

लांब्या चौथ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट बंद. प्रत्येक पायरीला मला तो जिना आठवत होता. दार उघडलं तर खोलीभर खोकी, आणि मधे तो पुस्तकांना दोरी बांधत बसलेला.

मी उभ्या उभ्याच सांगितलं. एका दमात. मग दम संपला.

तो म्हणाला, "बसा आधी. मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"पहिलाच डबा उघडला तेव्हा. एवढा मोठा ठिपका आणि चोख पंचम! लाट शोधून सापडेना. असा स्क्रू मीटरने लागत नाही आजी, कानानेच लागतो. त्या घरात कान कोणाला आहे?"

मी एका खोक्यावर बसले. तो कापूस, ते स्पिरिट! मी टापटीप समजले होते.

"मग बोलला का नाहीस, गाढवा?"

"खोकी गेल्यापासून तुम्ही शीळ घालत काम करत होतात. मला वाटलं, चार शिव्या खाईन, डबे पुन्हा लावीन, मिटेल. ती हाकलेल असं वाटलं नव्हतं." मग दोरीची गाठ सोडून पुन्हा बांधली. "आणि खरं सांगू? वाटत होतं, तुम्ही बोलाल. दाराशी जरा थांबलोसुद्धा."

त्याने रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं. मी बटण शोधत होते तेव्हा हा दाराशी थांबला होता.

"आता नको ना जाऊस. टिकलीला सगळं सांगितलंय."

"शब्द दिलाय तिकडे. सोमवारपासून माझी वाट बघतायत. एकदा माझा विश्वास कोणीतरी मोडलाय, आता मी कोणाचा नाही मोडत."

कोणीतरी म्हणजे मी का टिकली, हे मी विचारलं नाही. दोघीही असू.

त्याने मला धरून चारही मजले खाली आणलं. खाली रस्त्यावर टिकली उभी होती. कधी आली, कशी आली, ठाऊक नाही. मी गाडीत जाऊन बसले. दोघं फाटकाशी बराच वेळ उभे होते. टिकली बोलत होती, तो ऐकत होता. मग तो बोलत होता. माझा मुलगा म्हणाला, "तिकडे बघू नकोस आई." मी बघितलं. कोणी हसत नव्हतं. पण कोणी निघतही नव्हतं.

८ तारीख, रविवार

तो गेला. टिकली सोडायला गेली होती. आल्यावर नवं पत्र लिहिलं. दोन ओळींचं. "हे डबे आमच्या घरी चुकीचे लावले गेले. तपासणाऱ्याची त्यात काही चूक नव्हती." मी म्हटलं, माझं नाव टाक. ती म्हणाली, "घरी म्हणजे माझ्या दुकानात. दुकान माझं आहे." घड्या मी घातल्या. बारा. नंतर दुकानवाल्या बाईंना तिने फोन करून तेच सांगितलं, आणि मीही फोन घेऊन सांगितलं. बाई म्हणाल्या, "आजी, माझा भरवसा बसायला वेळ लागेल." बरोबरच आहे.

१४ तारीख, शनिवार

स्टूल काढलेलं नाही. उशी पण आहे. मी स्वतःहून जाऊन बसले नाही, दोन दिवस दारातच उभी राहायचे. आज टिकली न बघता म्हणाली, "उभी काय राहतेस? दोन हात पुरत नाहीत मला. आकडे वाच."

आता त्याच चोवीस डब्यांचे स्क्रू ती पुन्हा फिरवते आणि मीटर मी वाचते. पेचकस तिच्याकडेच असतो. मी मागत नाही. आकडे वाचायला चष्मा पुसून पुसून घ्यावा लागतो, पण चुकलेले नाहीत. लांब्या संध्याकाळी फोन करून किती झाले ते विचारतो. टिकली आकडा सांगते आणि मग फोन घेऊन बाहेर जाते.

पाचवा डबा झाला तेव्हा तिने सहज सा आणि प दाबला. वांव... वांव... मी बोटं एकमेकांत घट्ट अडकवून बसले.

"बरोबर आहे ना आजी?"

"मीटर बरोबर सांगतोय."

"मी मीटरचं नाही विचारलं."

क्षणभर वाटलं, हो म्हणावं. तिला बरं वाटेल. मलाही.

"उतरलाय," मी म्हटलं. "केसभर. पण तसाच ठेव."

तिने माझ्याकडे बघितलं, या आठवड्यात पहिल्यांदाच नीट. मग तिळाएवढा ठिपका दिला आणि डबा माझ्याकडे सरकवला, फडक्याने पुसायला.

एकोणीस राहिले.